कांचेंतलें तळें आणि चुन्याचा जमाखर्च

मासे पाळण्याची हौस ज्या घरांत आहे, त्या घरीं आलेल्या पाहुण्याची दृष्टि कांचेच्या पेटींतील माशांवर खिळते. घरधन्याची दृष्टि मात्र, चारसहा महिने लोटल्यावर, वारंवार जाते ती पाण्याच्या कांठाशीं कांचेवर उमटलेल्या एका पांढुरक्या रेघेकडे. ओल्या फडक्यानें ती पुसली जात नाहीं. नखानें खरवडली तर पिठासारखी थोडी निघते आणि आठ दिवसांनीं पुन्हां तेथेंच हजर होते. ही रेघ आपल्या जुन्या ओळखीची आहे. न्हाणीघरांतील बंबाच्या आंत क्षाराचा जो थर बसतो, आधणाच्या भांड्याला बुडाशीं जें पांढरें कवच चढतें, त्याच कुळांतली ती होय. ज्या विहिरीच्या पाण्यांत तुरीची डाळ तासतासभर शिजत नाहीं आणि साबण फेंस धरीत नाहीं, त्या पाण्याला आपल्याकडील बायकामाणसें पिढ्यान्‌पिढ्या ‘जड पाणी’ म्हणत आलीं. शाळेंतल्या पुस्तकांनीं त्यालाच ‘दुष्फेन’ असें संस्कृत नांव दिलें.

मत्स्यालयाचा इतिहास जेव्हां सांगितला जातो, तेव्हां या रेघेचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो. सांगितली जाते ती गोष्ट हवेची. प्राणी प्राणवायु घेतात व कर्बवायु सोडतात, वनस्पति उजेडांत याच्या उलट करितात, आणि हें ज्या दिवशीं माणसाला नीट उमगलें त्या दिवशीं मत्स्यालय जन्माला आलें, असें आपण वाचतों. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. त्या कांचेच्या भांड्यांत हवेच्या देवघेवीबरोबर चुन्याचीहि एक देवघेव पहिल्या दिवसापासून चालूं होती. तिचा हिशेब मात्र पुढें पुष्कळ दिवस कोणी घरोघर ठेविला नाहीं. आम्ही येथें सांगूं इच्छितों ती ही दुसरी अर्धी गोष्ट.

तिची सुरुवात मत्स्यालयाच्याहि आधींची आहे. लंडन शहराच्या भोंवतालीं खडूच्या खडकाचे विस्तीर्ण थर आहेत आणि त्यांतून झिरपून येणारें पाणी आपल्याबरोबर चुना घेऊन येतें. इ. स. १७६७ मध्यें हेन्री कॅव्हेंडिश या रसायनशास्त्रज्ञानें लंडनमधील रॅथबोन प्लेस येथील पंपाचें पाणी तपासून आपला निबंध प्रसिद्ध केला. तें पाणी उकळलें कीं त्यांतून पांढरी माती खालीं बसे. शुद्ध पाण्यांत न विरघळणारी ही चुन्याची माती या पाण्यांत विरघळून राहिली कशी, हा प्रश्न होता. कॅव्हेंडिशनें दाखविलें कीं, पाण्यांत मुरलेला कर्बवायु तिला धरून ठेवितो. पाणी उकळलें म्हणजे वायु उडून जातो आणि आधार सुटलेला चुना तळाशीं येतो. बंबांतला थर आणि मत्स्यपेटीची रेघ या दोहोंचें मूळ या एका वाक्यांत आहे. वायु आणि चुना हे दोन वेगळे विषय नसून एकाच दोरीचीं दोन टोकें आहेत, हें मत्स्यालयाच्या जन्माच्या ऐंशीं वर्षें आधीं कागदावर आलेलें होतें.

पुढची पायरी हवेची. १७७१ मध्यें जोसेफ प्रीस्टलीला आढळलें कीं, मेणबत्ती जळून ‘बिघडलेली’ हवा पुदिन्याची डहाळी पुन्हां सुधारते. १७७९ मध्यें यान इंगेनहाउझनें हें काम सूर्यप्रकाशांतच होतें असें सिद्ध केलें. १८२९ च्या सुमारास नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला झांकलेल्या बाटलींत नेचा आपोआप उगवलेला दिसला आणि त्यांतून वनस्पति वाढविण्याच्या बंद कांचपेट्या निघाल्या. १८४५ मध्यें इंग्लंडांत कांचेवरील कर उठला व कांच स्वस्त झाली. १८४६ मध्यें ॲना थिन या बाईंनीं टॉर्की येथील समुद्रकांठचीं जिवंत पोवळीं लंडनला आणून घरांत जगविलीं; त्यासाठीं त्यांची मोलकरीण पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतून त्यांत हवा खेळवीत असे. कल्पना, कांच आणि हौस अशी तिन्ही सामग्री जमली होती. उणीव होती ती ही ओतओत थांबविणाऱ्या युक्तीची.

ती युक्ति रॉबर्ट वॉरिंग्टन यानें शोधली. हा लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या जुन्या संघाकडे नोकरीस असलेला रसायनशास्त्रज्ञ. १८४१ मध्यें लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली त्या खटपटींत तो प्रमुख होता. १८४९ मध्यें त्यानें सुमारें बारा गॅलनांचें एक कांचपात्र घेतलें, तें अर्धें झऱ्याच्या पाण्यानें भरलें, तळाशीं वाळू व चिखल घातला, लपावयास जागा म्हणून चुनखडीचे व वालुकाश्माचे दगड रचले, आणि त्यांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति सोडली. कांहीं दिवस सर्व ठीक चाललें; मग जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. तेव्हां वॉरिंग्टननें पांचसहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजलेलें खाऊन टाकलें आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य झालीं. पाणी निवळलें, आणि तें न बदलतां मासे जगत राहिले. १८५० मध्यें त्यानें हा वृत्तांत केमिकल सोसायटीपुढें मांडला. प्राणी, वनस्पति आणि सफाई करणारी गोगलगाय या तिघांचा तोल साधला कीं लहानशा भांड्यांतहि सृष्टि आपला संसार आपण चालविते, हा त्याचा सारांश होता.

त्या काळच्या मनाला हें किती भावलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. धूर आणि काजळी यांनीं काळवंडलेल्या शहरांत, दिवाणखान्याच्या खिडकींत, ईश्वराच्या सुव्यवस्थेचा एक नमुना ठेवतां येऊं लागला. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पुढच्या वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचें ‘दि ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें व तो शब्द सुशिक्षितांच्या तोंडीं रुळला. घरोघर पेट्या आल्या. त्या पेट्यांची मोठी प्रौढी अशी असे कीं, यांतलें पाणी कधींच बदलावें लागत नाहीं.

आतां या प्रौढीकडे चुन्याच्या बाजूनें पाहूं. वॉरिंग्टनच्या पात्रांतील प्रत्येक वस्तूचा चुन्याशीं संबंध होता. झऱ्याचें पाणी चुना घेऊनच आलें. चुनखडीचे दगड पाण्यांतील कर्बवायूच्या योगें हळूहळू विरघळून त्यांत भर घालीत. गोगलगायी तो चुना उचलून आपले शंख बांधीत. चुना अगदींच कमी अशा पाण्यांत त्यांचे शंख पातळ होऊन झिजतात. आणि व्हॅलिस्नेरिया? या वनस्पतीचा एक गुण असा कीं, पाण्यांतील मोकळा कर्बवायु संपला तर ती चुन्याला धरून ठेवणाऱ्या द्रव्यांतूनच कर्ब ओढून घेते. मग आधार सुटलेला चुना तिच्या पानांवर खरखरीत पापुद्र्यासारखा बसतो. कॅव्हेंडिशला जें करण्यास विस्तव लागला, तें ही वनस्पति नुसत्या उजेडांत करिते. म्हणजे ज्याला हवेचा तोल म्हणून गौरविलें, तो चुन्याचाहि तोल होता; तोहि बऱ्यावाईट रीतीनें कांहीं काळ आपोआप सांभाळला गेला, एवढेंच.

गॉसच्या बाबतींत हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची अडचण दूर व्हावी म्हणून त्यानें १८५४ मध्यें कृत्रिम समुद्रजलाची कृति प्रसिद्ध केली. समुद्राच्या पाण्याचें रासायनिक पृथक्करण समोर ठेवून त्यानें साधें मीठ, मॅग्नेशियमचे दोन क्षार आणि पोटॅशियमचा एक क्षार एवढ्यांवर भागविलें. चुना त्यानें वगळला. तळाशीं टाकलेले शिंपले व पोवळ्यांचे तुकडे तो पुरवितील अशी त्याची अपेक्षा होती. ज्या द्रव्यापासून शिंपला, पोवळें आणि शंख घडतात, तेंच हिशेबाच्या कागदावर नव्हतें. मात्र समुद्रपेटीवाल्यांना एक धडा लौकर मिळाला. पेटींतलें पाणी उडून जातें, मीठ उडत नाहीं; म्हणून कमी झालेलें पाणी गोड्या पाण्यानेंच भरून काढावें लागतें, नाहींतर पेटी खारट होत जाते. खारट पाण्याची चव जिभेला कळते, म्हणून हा नियम त्यांना कळला. गोड्या पाण्याच्या पेटींतहि हेंच घडत होतें. पण तेथें जिभेला कांहींच कळत नव्हतें.

कळण्याचें साधन त्या वेळीं नव्हतें असें मात्र नाहीं. ॲबर्डीन येथील प्राध्यापक टॉमस क्लार्क यानें १८४१ मध्यें, म्हणजे केमिकल सोसायटी निघाली त्याच वर्षीं, जड पाणी हलकें करण्याच्या रीतीचा हक्क घेतला होता. रीत मोठी मौजेची होती. पाण्यांतला चुना काढावयास तो चुन्याची निवळीच घाली; निवळी पाण्यांतील कर्बवायु शोषून घेई आणि जुना व नवा असा सगळाच चुना तळाशीं बसे. काट्यानें काटा काढावा तसें हें झालें. पाण्याचा जडपणा मोजण्यासाठीं त्यानें साबणाचें माप ठरविलें: ठराविक पाण्यांत टिकाऊ फेंस येईपर्यंत साबणाचें द्रावण थेंबथेंब घालावयाचें व किती लागलें तें पाहावयाचें. एका गॅलनांत एक ग्रेन खडू, म्हणजे सत्तर हजार भागांत एक भाग, ही क्लार्कची एक अंश. आपला ‘दुष्फेन’ हा शब्द या परीक्षेचें जणूं भाषांतरच आहे. परंतु हें शास्त्र धोबीघाट, वाफेचे बंब आणि नगरांचा पाणीपुरवठा यांच्याकडे गेलें. दिवाणखान्यांतील पेटीकडे वळावयास त्याला बराच काळ लागला.

दरम्यान या कथेंत एक विलक्षण योग आला. वॉरिंग्टनचा त्याच नांवाचा मुलगा पुढें शेतकी रसायनशास्त्रज्ञ झाला व रॉथम्स्टेड येथील प्रसिद्ध प्रयोगक्षेत्रांत काम करूं लागला. १८७७ मध्यें श्लेझिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखविलें होतें कीं, घाणींतील अमोनियाचें नायट्रेट होणें हें जिवंत जंतूंचें काम आहे. धाकट्या वॉरिंग्टननें पुढील वर्षांत मातीचा अभ्यास करून या कामाच्या दोन पायऱ्या असल्याचें दाखविलें. शोध शेतांतल्या मातीचा; पण बापाच्या कांचपात्राच्या तळाशीं असलेल्या वाळूचिखलांतहि हेंच काम चालतें. मासे जी घाण करितात तिचा अमोनिया विषारी. गोगलगाय ती घाण खाऊन नाहींशी करीत नाहीं, फक्त तिचें रूप पालटते. विष उतरविणारे खरे सेवक हे डोळ्यांना न दिसणारे जंतु होत.

आणि या सेवकांची मजुरी चुन्यांतून द्यावी लागते. अमोनियाचें नायट्रेट होतांना अम्ल उत्पन्न होतें, व तें अम्ल मारण्यास पाण्यांतील चुन्याचा विद्राव्य अंश खर्ची पडतो. अमोनियाच्या रूपांतील एक ग्रॅम नत्राला सुमारें सात ग्रॅम खडूइतका! तो अंश संपला म्हणजे पाणी आंबट होत जातें आणि शेवटीं ते जंतूहि मंदावतात. थोरल्या वॉरिंग्टनचे चुनखडीचे दगड निव्वळ लपण्याची जागा नव्हते. ते या खर्चाची ठेव होते. बापानें जें नकळत साधलें त्याचा खुलासा पुढें मुलाच्या शास्त्रांतून झाला.

या सर्वांचें व्यावहारिक तात्पर्य एका साध्या हिशेबानें पटेल. साठ लिटरांची पेटी घ्या. पाण्याचा जडपणा लिटरमागें १०० मिलिग्रॅम धरा. आठवड्यास सहा लिटर पाणी उडून गेलें व तितकेंच नळाचें पाणी आपण वर ओतलें, तर दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम क्षार पेटींत येतात, बाहेर एकहि जात नाहीं. दहा आठवड्यांत जडपणा दुप्पट. कांहींच खालीं न बसल्यास वर्षांत सहापट. याच्या उलट, पाणी भरण्यापूर्वीं दर आठवड्यास पेटींतील बारा लिटर जुनें पाणी उपसून टाकलें आणि मग अठरा लिटर नवें घातलें, तर तोच आंकडा दीडशेच्या आसपास येऊन कायमचा थांबतो. भर घालणें आणि बदलणें या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसतात. परिणाम मात्र एवढा भिन्न आहे.

प्रत्यक्षांत चुन्याचा कांहीं भाग कांचेवर, दगडांवर व पाणी तापविण्याच्या कांडीवर बसून जातो, कांहीं अम्लांत खर्च होतो. पण नायट्रेट, मीठ आणि इतर क्षार साठतच राहतात. म्हणून जुन्या पेटींत एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न होते: एकंदर क्षार वाढलेले, आणि अम्ल मारण्याची शक्ति मात्र घटलेली. आमच्या घरच्या पेटींत दोन वर्षांचे मासे सुखानें फिरत असतां नवीन आणलेले चार मासे एका रात्रींत मेले, तेव्हां आम्ही दुकानदाराला मनसोक्त दोष दिला. दोष आमचा होता. जुने मासे महिनोन्‌महिने हळूहळू चढत गेलेल्या क्षारांना सरावले होते. नव्यांना तीच मजल एका क्षणांत गांठावी लागली. पाणी कांचेसारखें स्वच्छ दिसत होतें. सांगत होती ती केवळ कांठावरची पांढरी रेघ, आणि ती आम्ही दर आठवड्यास निष्ठेनें खरवडून टाकीत होतों.

विसाव्या शतकांत हौशी लोकांना हा हिशेब ठेवणें भाग पडलें. १९३६ मध्यें ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यांतून निऑन टेट्रा हा निळ्यातांबड्या झगझगीत पट्ट्याचा मासा युरोप-अमेरिकेंत आला. जड पाण्यांत तो जगे, पण त्याची अंडीं धड निपजत ना. पावसाच्या पाण्यासारखें हलकें, किंचित्‌ आंबट पाणी दिलें तरच वंश वाढे. उलट आफ्रिकेंतील टांगानिका व मलावी या सरोवरांतील मासे जड पाण्यांतच सुखी असतात. ‘चांगलें पाणी’ अशी एकच वस्तु नाहीं, हें तेव्हां ध्यानीं आलें. मोजण्याचें साधनहि सुधारलें: झुरिच येथील गेरोल्ड श्वार्त्सेनबाख यानें १९४० नंतरच्या दशकांत साबणाच्या जागीं असें द्रव्य योजिलें कीं, शेवटच्या थेंबासरशीं पाण्याचा रंगच पालटतो. आज दुकानांत मिळणारी थेंबांची बाटली ही क्लार्कच्या साबणाची नात आहे.

जडपणा घालविण्याचीं साधनेंहि वाढलीं; पण तीं सगळीं सारखीं नव्हेत. १८५० मध्यें, म्हणजे वॉरिंग्टनच्या वृत्तांताच्याच वर्षीं, जॉन टॉमस वे यानें माती अमोनिया धरून ठेवून त्याच्या बदल्यांत चुना सोडते हें दाखविलें होतें. त्याच अदलाबदलीच्या तत्त्वावर १९३५ मध्यें ॲडम्स व होम्स यांनीं कृत्रिम राळ तयार केली. पण घरगुती यंत्रांतील राळ चुना घेऊन त्याच्या जागीं सोडियम देते. साबणाला तें पाणी हलकें वाटलें तरी एकंदर क्षारांचें ओझें जवळजवळ तेंच राहतें, आणि मासा ओझें पाहतो, फेंस पाहत नाहीं. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत लोब आणि सुरिराजन यांनीं जो पडदा तयार केला, त्यांतून निघालेलें ‘आरओ’चें पाणी खरोखर हलकें असतें; पण तें इतकें निःसत्त्व कीं नुसतें वापरलें तर अम्ल मारण्याची शक्ति त्यांत उरत नाहीं. तें नळाच्या पाण्यांत प्रमाणानें मिसळावें, अथवा उडून गेलेल्या पाण्याची भर करण्यापुरतें वापरावें, हेंच श्रेयस्कर.

आपल्या मुलखांत या प्रश्नाचें रूप गांवोगांव निराळें आहे. मुंबईचें पाणी पावसानें भरणाऱ्या तलावांतून येतें व तें हलकें असतें. तेथें शिंपल्यांची मूठभर भर घालणें उपकारक ठरेल. पठारावर जेथें घर कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून आहे, तेथें तोच शिंपला, संगमरवराचा खडा किंवा पोवळ्याची शोभा ओझ्यांत भर घालील. खड्यावर लिंबू पिळून पाहावें. बुडबुडे आले तर तो चुन्याचा. कांचेवरील रेघहि लिंबाच्या रसानें किंवा शिरक्यानें सुटते. मात्र तो रस पेटींत उतरूं देऊं नये.

परंतु रेघ पुसण्यापूर्वीं ती वाचावी, एवढेंच आमचें सांगणें आहे. थोरल्या वॉरिंग्टनची दृष्टि मोठी होती यांत शंका नाहीं. पण त्याच्यामागून आलेल्या घरोघरच्या हौशी लोकांनीं त्याच्या प्रयोगांतून ‘पाणी कधींच बदलावें लागत नाहीं’ एवढेंच उचललें, आणि झांकण नसलेल्या भांड्याला स्वयंपूर्ण सृष्टि मानलें. ज्यांतून रोज पाणी उडून जातें आणि ज्यांत रोज कोणीतरी तांब्याभर पाणी ओततो, तें भांडें स्वयंपूर्ण कसलें? त्याचा धनी त्याच्या जमाखर्चांतला एक भागीदार आहे. आमच्या घरीं आतां दर रविवारीं आधीं दोन बादल्या पाणी उपसून बागेंतल्या झाडांना घालतों आणि मगच नवें भरतों. रेघ अजून उमटते. पण पूर्वींपेक्षां बारीक, आणि आम्ही तिच्याकडे रागानें पाहत नाहीं.